ओथा टर्नर आणि लाल सळई

जुन्या ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताच्या, कलाकारांवरचे माहितीपट बहुतेक एकाच साच्यातले. मोडकं घर, म्हाताऱ्याच्या सुरकुत्या, मग खुर्चीत बसलेले तीन अभ्यासक हा माणूस किती थोर आणि किती 'दुर्लक्षित' ते सांगणार. वाजवणं अर्धा मिनिट, त्यावरही कुणाचं तरी निवेदन. वैताग येतो.

त्यापेक्षा बिल फेरिस, ज्युडी पायझर आणि डेव्हिड एव्हन्स यांची १९७२ची 'ग्रॅव्हल स्प्रिंग्ज फाइफ अँड ड्रम' बघा. जेमतेम दहा मिनिटांची. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागातला शेतकरी ओथा टर्नर त्यात फाइफ, म्हणजे छोटी आडवी बासरी, करतो आणि वाजवतो.

नदीकाठचा बारीक जंगली बांबू, साधारण फूटभर. आतल्या गाठी आणि बोटांची भोकं, दोन्ही विस्तवात लाल केलेल्या सळईने जाळून पाडायची. चाकूने कोरायला गेलात की बांबू उभा चिरतो. सळई तिरकी गेली की एका बाजूची भिंत पातळ होते आणि पुढे तिथेच तडकते. आपल्याकडचे बासरीवालेही भोकं सळईनेच पाडतात, पण ते मापं घेऊन. इथे बोटं जिथे पडतील तिथे भोक. त्यामुळे गंधार कोमलही नाही न् शुद्धही नाही, मधेच कुठेतरी. पेटीवर बसवायला जाल तर बेसूर वाटेल, पण साथीला नुसते ढोल, एक मोठा, खर्जाचा बास आणि छोटा, कडकडणारा स्नेअर. भांडायला दुसरा सूरच नाही!

हे टिपणं मात्र अवघड. वादक चालत वाजवतात, लोक ढोलाला खेटून नाचतात. माइक बासकडे सरकला की फाइफ बुडालीच.

आणि 'दुर्लक्षित' म्हणजे कुणाच्या लेखी? टर्नरच्या पिकनिकला बकरी शिजायची, रात्र रात्र ढोल चालायचे, शेजारीपाजारी हजर असायचे. पत्ता नव्हता तो रेकॉर्ड कंपन्यांना. १९९२ला नॅशनल हेरिटेज फेलोशिप, म्हणजे लोककलावंतांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान, मिळाली आणि स्वतःचा पहिला अल्बम थेट १९९८ला, नव्वदी गाठल्यावर. त्यातलं एक गाणं दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेझीने 'गँग्ज ऑफ न्यू यॉर्क' या सिनेमात वापरलं, म्हणजे नाव न कळता ही फाइफ तुम्ही ऐकलीही असेल.

२००३च्या फेब्रुवारीत तो गेला. अंत्ययात्रेच्या पुढे फाइफ फुंकत चालत होती त्याची शाळकरी नात, शार्डे थॉमस.