‘ट्यूब नसेल तर टोन नाही’ हे खरं नाही

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या कानावर एक सल्ला पडतो. खरा टोन, म्हणजे आवाजाचा पोत, फक्त ट्यूब ॲम्पमध्ये, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये असतो. डिजिटल मॉडेलिंग (मॉडेलर नावाच्या यंत्रात ॲम्पचा आवाज गणिताने उभा करणं) ही नक्कल आहे, ती निर्जीव वाटते, बोटांना उशिरा साथ देते. सगळे मोठे वादक ट्यूबवरच वाजवत आले, म्हणून थांबा, पैसे साठवा, पण घ्यायचा तर ट्यूबच घ्या. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने हा सल्ला मनावर घेतला आणि दोन वर्षं गिटार कशालाही न जोडता, कोरडीच वाजवली. त्या दोन वर्षांत नको त्या तारा हाताने गप्प ठेवणं, गेन (ॲम्पमध्ये सिग्नल किती फुगवायचा ते) वाढल्यावर हात आवरणं, यातलं काहीच तो शिकू शकला नाही. माझ्याकडे ट्यूब ॲम्प आहे, माझं त्याच्यावर प्रेम आहे, तरीही मी हे लिहितोय.

पहिला आक्षेप असा की डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे होतात. सेकंदाला 48,000 नमुने घेतले की 24,000 हर्ट्झच्या आतला आवाज त्यांतून सलग, गुळगुळीत परत उभा करता येतो. मध्ये पायऱ्या उरत नाहीत. गिटारच्या 12 इंची स्पीकरमधून तर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही बाहेरच पडत नाही. मात्र या तक्रारीमागे एक खरी गोष्ट होती. डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज, नव्या, उंच स्वरांशांची भर घालतं. ते 24,000च्या पलीकडे गेले की उलटे फिरून खाली येतात आणि मूळ सुराशी न जुळणारी किरकिर ऐकू येते. वरच्या पट्टीत तार ओढताना सूर चढतो आणि मागे एक बारीक शीळ उतरत जाते, ती हीच. यावर उपाय म्हणजे आतलं गणित कितीतरी पट जास्त वेगाने करणं, आणि त्याला ताकदवान प्रोसेसर लागतो. लाइन 6 कंपनीचा पॉड हा मॉडेलर 1998मध्ये आला तेव्हा ती ताकद मर्यादित होती. त्या काळात ज्यांनी नाक मुरडलं त्यांचे कान चुकीचे नव्हते, पण आजच्या यंत्रांबद्दलचं मत त्या आठवणीवर बेतू नये.

उशिराचा मुद्दा लगेच निकाली निघतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद. ॲम्पपासून तीन मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला स्वतःचा सूर 9 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. चांगला मॉडेलर तार छेडल्यापासून दोन-चार मिलिसेकंदांत आवाज बाहेर काढतो. कॉम्प्युटरवर वाजवताना मात्र बफर, म्हणजे एका वेळी साठवून घ्यायचा आवाजाचा गठ्ठा, 512 नमुन्यांवर ठेवला तर एकाच दिशेचा उशीर साडेदहा मिलिसेकंदांच्या वर जातो आणि जाता-येता तो दुप्पट होतो. बफर 64 किंवा 128वर आणला की तक्रार मिटते.

‘ट्यूब ॲम्पवर वाजवताना बोटांना जे जाणवतं ते मॉडेलरमध्ये नाही’ या वाक्यापाशी मात्र थांबायला हवं, कारण सगळा गोंधळ इथे आहे. ते जाणवणं कुठून येतं? ज्या जुन्या ॲम्पमध्ये रेक्टिफायरही (एसीचं डीसी करणारा भाग) ट्यूबचा असतो, तिथे जोरात तार छेडली की आतलं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. सुराचं टोक दबतं आणि मग तो फुलत जातो. शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा भाग) आणि स्पीकर एकमेकांना ओढतात. स्पीकरचा अवरोध प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो, त्यामुळे ट्यूब ॲम्पमध्ये खालचा एक पट्टा आणि वरचा भाग उठून येतो. हे सगळं सर्किटचं वागणं आहे, ते मोजता येतं आणि गणितात बसवताही येतं. आज ते बसवलं जातं.

तरीही फरक जाणवतो, आणि जाणवतो तो खराच असतो. पण आपण कशाची तुलना कशाशी करतोय ते पाहा. एका बाजूला खोलीत ठेवलेला ॲम्प. त्याचा स्पीकर गुडघ्याच्या उंचीवर, हवा ढकलणारा, भिंतींवरून परतणारा. दुसऱ्या बाजूला मॉडेलर आणि त्याला जोडलेला हेडफोन किंवा स्टुडिओचा स्पीकर. मॉडेलर कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा, जो आवाज देतो तो बहुतेक वेळा स्पीकरपासून काही सेंटिमीटरवर धरलेल्या मायक्रोफोनने टिपलेला असतो. म्हणजे आपण ट्यूब आणि डिजिटल यांची तुलना करतच नाही. आपण खोलीतला ॲम्प आणि माइकमधून आलेला ॲम्प यांची तुलना करतो. रेकॉर्डवर जे सूर ऐकून आपण गिटारकडे ओढले गेलो, ते जवळपास सगळे माइकमधूनच आलेले होते.

कॅबिनेटचं अनुकरण बंद करा, मॉडेलरला पॉवर ॲम्प (सिग्नल स्पीकरला पुरेल इतका मोठा करणारा भाग) लावा आणि आवाज खऱ्या गिटार कॅबिनेटमधून काढा. फरक बराच आटतो. उरलेल्यातला मोठा वाटा आवाजाच्या पातळीचा असतो. कमी आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933मध्येच दाखवलं. रात्री हळू आवाजात गोड लागलेला प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) स्टेजवर बोचरा आणि घुमणारा होतो तो यामुळेच. प्रीसेट ज्या आवाजात वाजवायचा, त्याच आवाजात जुळवावा. सूर लांबत जाऊन स्वतःच गाऊ लागतो, त्याचं श्रेयही ट्यूबला दिलं जातं. स्पीकरची हवा तारेला हलवते म्हणून ते घडतं, आणि त्यासाठी आवाज मोठा आणि वादक जवळ असावा लागतो.

‘नक्कल’ या शब्दाचं तर मला वाईट वाटतं. मार्शलचा पहिला ॲम्प, जेटीएम45, फेंडरच्या बासमन ॲम्पच्या सर्किटवरून जवळपास जसाच्या तसा उतरवला होता. ट्यूब थोड्या बदलल्या, स्पीकर बदलले आणि त्यातून एक नवा आवाज जन्माला आला. ॲम्पचा इतिहासच असा उतरवून घेण्याचा आहे.

आणि मोठे वादक? ब्लूजचे बी. बी. किंग वर्षानुवर्षं लॅब सीरिज एल5 या ॲम्पवर वाजवत. त्यात एकही ट्यूब नाही. रोलँडचा जेसी-120 हा 1975चा ट्रान्झिस्टर ॲम्प आहे आणि त्याचा स्वच्छ आवाज आजही लोक शोधत येतात. मेटल गिटारवादक डाइमबॅग डॅरेलचा धारदार आवाज रँडलच्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधून आला. मेटॅलिका गेली कित्येक वर्षं मंचावर फ्रॅक्टल कंपनीचे मॉडेलर वापरते. पन्नास-साठच्या दशकांतल्या वादकांकडे ट्यूबशिवाय फारसा पर्यायच नव्हता, त्यामुळे त्याला त्यांची निवड म्हणणं बरोबर नाही.

राहिला टिकण्याचा प्रश्न, आणि इथे सल्ला देणाऱ्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. हाताने जोडलेल्या जुन्या ॲम्पचा कुठलाही भाग जाणकार माणूस बदलू शकतो. मॉडेलरमधली चिप गेली की बहुतेकदा पूर्ण बोर्डच बदलावा लागतो. पण ट्यूब झिजतात. पॉवर ट्यूब बदलल्या की बऱ्याच ॲम्पमध्ये बायस (ट्यूब शांत असताना तिच्यातून वाहणारा करंट) पुन्हा लावावा लागतो. गिटारसाठीच्या ट्यूब आता प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात, आणि 2022मध्ये रशियातून येणारा माल अडकला तेव्हा टंचाई झाली. नवशिक्याला कुणी सांगत नाही अशा दोन गोष्टीही आहेत. स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आतल्या कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टच्या आसपासचा विद्युतभार प्लग काढल्यावरही राहू शकतो, तो जीव घेऊ शकतो. मागचं झाकण उघडू नका.

ट्यूब ॲम्प घ्यायला एक भक्कम कारण आहे, ते या सल्ल्यात कधी येत नाही. त्याला चार-पाच बटणं असतात. चालू केला की वाजवायला बसता येतं. मॉडेलरचा पडदा संध्याकाळच्या संध्याकाळ गिळतो आणि गिटार मांडीवर तशीच पडून राहते. तुमचा स्वभाव तसा असेल तर ट्यूब घ्या, किंवा साधा ट्रान्झिस्टर ॲम्पही चालेल. पण भिंतीला भिंत लागून शेजारी राहत असतील तर 85 वॅटचा, 29 किलोंच्या घरातला फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा ट्यूब ॲम्प तुम्हाला त्याच्या रंगात येईपर्यंत कधीच वाजवता येणार नाही.

निवडायला जाल तेव्हा दोन्ही एकाच कॅबिनेटमधून ऐका. दोन्हींचा आवाज मीटरने सारखा करा, कारण किंचित मोठा आवाजही कानाला ‘चांगला’ वाटतो. पाठ फिरवून बसा आणि जोडणी दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा. माझ्या त्या विद्यार्थ्याबरोबर मी हे केलं. कुठला ट्यूब आणि कुठला मॉडेलर हे ओळखताना दहा वेळांपैकी तो सहा वेळा बरोबर निघाला आणि सातव्या वेळी मी स्वतःही चुकलो.