प्रत्यार्पणाच्या फायलीवर सही करताना

होर्डिंगवर ‘भावी मंत्री’ म्हणून तुमचा हसरा फोटो लागलाच आहे, तर प्रत्यार्पणाच्या, म्हणजे दुसऱ्या देशाने मागितलेला आरोपी त्याला सोपवण्याच्या, फायलीची तयारी आत्तापासून करून ठेवा. नाशिककराला ती अवघड जाऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या पालकमंत्र्यांचं नाव जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगितीही मिळाली. आपल्याला हे शिक्षण घरबसल्या मिळतं.

आपला १९६२ चा प्रत्यार्पण कायदा तर मंत्र्यांसाठीच केल्यासारखा आहे. मॅजिस्ट्रेट चौकशी करतात, सकृद्दर्शनी गुन्हा दिसतो म्हणतात, पण सोपवायचं की नाही ते केंद्र सरकार ठरवतं. मागणीमागे हेतू शुद्ध नाही किंवा सोपवणं न्यायाचं होणार नाही असं वाटलं, तर सोडूनही देता येतं. म्हणून चौकशी चालू असताना ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणा, निकाल लागला की ‘फाइल विचाराधीन आहे’. कॅमेऱ्यासमोर ही दोन वाक्यं उलटी पडू देऊ नका, बाकी काही नाही.

सही करावीच लागली तर घाबरू नका. सही झाली म्हणून माणूस हलतोच असं नाही. विजय मल्ल्यांच्या फायलीवर ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये सही केली, २०२० मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. मग एक ‘गोपनीय कायदेशीर बाब’ निघाली. त्याआधी लंडनच्या न्यायाधीशांनी मल्ल्यांना ठेवायच्या जागेचा, म्हणजे मुंबईच्या आर्थर रोड जेलातल्या बराक नंबर १२ चा व्हिडिओ मागवला होता, तोही भर दुपारच्या उजेडात काढलेला. (आपल्याकडच्या कच्च्या कैद्यांनी हा हट्ट करून पाहू नये.)

सोडायचंच असेल तर तब्येतीचं कारण शोभून दिसतं. चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांना स्पेनने ब्रिटनकडे मागितलं होतं. मार्च २००० मध्ये ब्रिटिश गृहमंत्र्यांनी प्रकृती पाहून त्यांना घरी पाठवलं. सँटियागोच्या विमानतळावर उतरताच म्हातारबुवा व्हीलचेअरवरून उठून उभे राहिले. हवापालट म्हणतात तो हाच.

हमीपत्र मात्र जपून लिहा. मुंबई बॉम्बस्फोटातल्या अबू सालेमला पोर्तुगालकडून आणण्यासाठी फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, असं आपण लिहून दिलं. २००५ मध्ये तो आला. शब्द पाळावाच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सरकारला बजावलं. २०२४ मध्ये त्याला आपल्या नाशिकरोडच्या जेलात हलवलं, म्हणजे हमीपत्राचा नमुना गावातच आहे. तुम्ही लिहाल तेव्हा मुदत अशीच लांबची टाका. ती संपेल तेव्हाच्या मंत्र्यांनाही काहीतरी काम हवंच की.