एकूण आकड्यावर विसंबणे योग्य नाही

एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत असल्यास काळजी नाही, हे लेखातील विधान अपुरे वाटते. एकूण १९० असतानाही एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) अवघे ३० आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) २०० असू शकतात. तेव्हा एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा केल्यास धमन्यांच्या भिंतींत साठणारे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) साधारण १२० येते, आणि भारतीयांमध्ये असा कमी एचडीएलचा अहवाल वारंवार दिसतो. मधुमेह असणाऱ्यांना तर एलडीएल याहून पुष्कळ खाली ठेवावे लागते, हेही लेखात यायला हवे होते.

आपल्या मराठवाड्यात करडईचे तेल घेताना लोक डब्यावरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्द पाहतात, वास्तविक कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात ते नगण्यच असते. करडईचे मोल तिच्यातील लिनोलेइक आम्लात (एका असंपृक्त मेदाम्लात) आहे, जे डालड्याऐवजी वापरल्यास एलडीएल उतरवण्यास मदत करते. अर्थात, तेच तेल पुन्हापुन्हा तापवून भजी तळली नाहीत तर.