‘पोट रिकामं ठेवा, बिघडणार नाही’ : त्या मेसेजला उत्तर

शर्यती जवळ आल्या की धावणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : धावताना पोट बिघडतं ते पोटात अन्न असतं म्हणून. तेव्हा आदल्या दुपारपासून काही खाऊ नका, सकाळी लिटरभर पाणी पिऊन आतडी धुऊन काढा, वाटेत जेल (ताकदीसाठी पळताना घ्यायचा, पुडीत मिळणारा साखरेचा घट्ट पाक) घेऊ नका, आणि निघताना एक पेनकिलर व एक जुलाब थांबवणारी गोळी घ्या. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातल्या पाण्याच्या आणि पेनकिलरच्या सल्ल्याने माणूस हॉस्पिटलात पोचू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

‘अन्नामुळे बिघडतं.’ मूळ कारण रक्तपुरवठ्यात आहे. पळताना पायांच्या स्नायूंना रक्त लागतं, अंग थंड ठेवायला त्वचेलाही लागतं, आणि ते आतड्यांच्या वाट्यातून वळवलं जातं. जोरात पळताना आतड्यांचा रक्तपुरवठा ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. मग आतड्याच्या अस्तराला प्राणवायू कमी पडतो, ते दुखावतं, पचन आणि शोषण मंदावतं. त्यात प्रत्येक पावलाचा हादरा, ऊन, घामाने कमी झालेलं पाणी आणि शर्यतीची धास्ती. हे सगळं पोट रिकामं असलं तरी घडतंच. उपाशी पळणाऱ्यांनाही शेवटच्या टप्प्यात कोरड्या उलट्या होतात त्या यामुळेच. अन्नाचा संबंध नाही असं नव्हे. पण प्रश्न काय खाल्लं आणि कधी खाल्लं याचा आहे.

‘आदल्या दुपारपासून उपाशी राहा.’ रात्रभराच्या झोपेतच यकृतातला साखरेचा साठा बराच उतरतो. त्याआधीची दुपार-संध्याकाळही कोरडी काढली तर लांबच्या शर्यतीत पाय गळणार, डोकं हलकं होणार. उपाशी राहण्याऐवजी शेवटचे एक-दोन दिवस जेवणातला चोथा कमी करा : कच्च्या भाज्या, सालीची फळं, कडधान्यं, कोंड्याचे पदार्थ बाजूला ठेवा, भात, सोललेला बटाटा, साधा ब्रेड चालेल. तळलेलं आणि मसालेदार नको. दूध पचत नसेल तर तेही नको. शुगर-फ्री च्युइंगमकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण त्यातलं सॉर्बिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य अनेकांचं पोट ढिलं करतं.

सकाळचा नाश्ता शर्यत सुटण्याआधी तीनेक तास करा. शेवटच्या १ ते ४ तासांत वजनाच्या दर किलोमागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदकं हा सर्वसाधारण हिशेब; वेळ जितका कमी, तितकं खाणं कमी. लवकर खाण्याचा आणखी एक फायदा आहे. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं, काहींना कॉफीनेही तसंच होतं, आणि मग पोट घरीच साफ होतं.

‘लिटरभर पाण्याने आतडी धुऊन निघतात.’ निघत नाहीत. प्यायलेलं पाणी लहान आतड्यात शोषलं जातं आणि मूत्रपिंडांकडे जातं. एकदम प्यायलेलं पाणी पोटात डचमळतं तेवढंच. खरा धोका पुढे आहे : आधीही भरपूर आणि वाटेतल्या प्रत्येक टेबलावरही भरपूर पाणी प्यायलं की रक्तातलं सोडिअम पातळ होतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडिअम कमी निघालं आणि तिघांचं तर जीवघेण्या पातळीला आलं होतं. त्याचा सर्वांत ठळक संबंध शर्यतीदरम्यान वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिण्याशी होता. आणि याची लक्षणं कोणती? मळमळ, उलटी, पोट फुगणं, डोकेदुखी. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो आणखी एक ग्लास पुढे करतो. तहान लागेल तसं प्या, एवढंच बहुतेकांना पुरतं.

‘जेल घेऊ नका.’ जेलने पोट बिघडतं हे बऱ्याच जणांनी अनुभवलेलं असतं, म्हणून हा सल्ला लगेच पटतो. पण पाण्याच्या टेबलाजवळ जरा उभं राहून बघा. धावपटू येतो, दातांनी पुडी फाडतो, जेल एका दमात गिळतो आणि वर साध्या पाण्याऐवजी गोड स्पोर्ट्स ड्रिंक पितो. घट्ट साखरेवर आणखी साखर पडली की ती पातळ करायला शरीर स्वतःचं पाणी आतड्यात ओततं, आणि थोड्याच वेळात तो पोट धरून चालताना दिसतो. जेल साध्या पाण्याबरोबर, थोडं थोडं करून घ्यायचं असतं.

प्रमाणालाही मर्यादा आहे. आतडं नुसतं ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषतं. फ्रुक्टोजची, म्हणजे फळांतल्या साखरेची, वाट वेगळी असल्याने दोन्ही मिळून ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण सराव असेल तरच. आतड्यालाही सराव लागतो, आणि ही गोष्ट फारच थोडे लोक मनावर घेतात. पायांसाठी महिनोन्‌महिने घाम गाळतात आणि जेलची पुडी शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा फोडतात. लांब पल्ल्याच्या सरावात तासाला ३० ग्रॅमपासून सुरुवात करा, तेच जेल, तेवढ्याच अंतराने, तोच नाश्ता, त्याच वेळेला. काही आठवड्यांत शोषण सुधारतं आणि पोट तक्रार कमी करतं.

‘निघताना पेनकिलर घ्या.’ हे कृपा करून करू नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ज्या रसायनांना अडवतात, तीच रसायनं आतड्याचं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा राखतात. आधीच रक्ताविना तडफडणाऱ्या आतड्याचं तेवढंही संरक्षण काढून घ्यायचं? अमेरिकेतल्या १६० किलोमीटरच्या ‘वेस्टर्न स्टेट्स’ शर्यतीतल्या धावपटूंवरचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आयबुप्रोफेन घेणाऱ्यांचं दुखणं न घेणाऱ्यांपेक्षा कमी नव्हतं. शरीरातला दाह मात्र जास्त होता.

‘जुलाब थांबवणारी गोळी घ्या.’ या गोळीतलं औषध, लोपेरामाइड, आतड्याची हालचाल मंद करतं. मळमळीवर, पोटात गोळा येण्यावर त्याचा उपयोग नाही. आणि ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर ते घेणं धोक्याचं. ज्यांना खरोखर लागतं त्यांनी डॉक्टरांना विचारून आणि सरावात वापरून बघूनच घ्यावं.

वाटेत कळ आलीच तर वेग उतरवा, थोडं चाला. आतड्याकडे रक्त परतू लागतं आणि बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर निःसंकोच थांबा. २००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफ शौचासाठी रस्त्याच्या कडेला, कॅमेऱ्यांसमोर थांबली होती. तरी २ तास १७ मिनिटं ४२ सेकंदांत ती शर्यत तिनेच जिंकली. मात्र शर्यतीनंतर शौचातून रक्त गेलं किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर ‘धावणाऱ्यांना होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि कोणती गोळी घेतली होती तेही सांगा.