हेडफोन घ्यायचाय? डब्यावर विश्वास ठेवा!

ब्लूटूथ हेडफोन घ्यायला जाणार असाल तर पहिला सल्ला, दुकानात काही विचारू नका. मी विचारलं, म्हणून सांगतोय.

पंधरा दिवसांपूर्वी बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानात ८,५०० रुपये मोजून मी हेडफोन घेतला. डब्यावर हाय-रेझचा, म्हणजे उंची आवाजाचा, काळा-सोनेरी स्टिकर, शेजारी ठसठशीत अक्षरांत एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवरून भारी आवाजात गाणं पाठवायची रीत (कोडेक), त्याच्या खाली एका हेडफोनला फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडल्याचं चित्र. काउंटरवरच्या पोराला विचारलं, "हे एलडॅक माझ्या फोनवर चालतंय काय रे?" पोरगं कन्नडात म्हणालं, "गोत्तिल्ल री." म्हणजे, माहीत नाही हो. मालक गल्ल्यावरूनच ओरडले, "ब्लूटूथ ५.३ हाय की साहेब, लेटेस्ट! सगळं चालतंय." त्या दुकानात खरं बोलणारा तो पोरगा एकटाच होता, हे मला घरी आल्यावर कळलं.

तेव्हा तुम्हीही ब्लूटूथच्या आवृत्तीचा आकडा बघूनच घ्या. ब्लूटूथ ५.३ असलं म्हणून त्यात एलडॅक असेलच असं नाही, आणि ५.० असलं म्हणून नसेलच असंही नाही. पण आकडा मोठा असला की खिसा हलका झाल्याचं दुःख कमी होतं.

घरात आयफोन असेल तर एलडॅकवाला हेडफोन आवर्जून घ्या. आयफोनला एएसी येतं, एसबीसी येतं, म्हणजे याच जातीच्या दुसऱ्या दोन रीती. बाकी गोत्तिल्ल.

ॲप्टएक्स या आणखी एका रीतीचं नाव लिहिलेला दिसला तर तोही उचला, फोनात ते आहे की नाही बघत बसू नका. बेलफास्टच्या विद्यापीठात १९८० च्या दशकात जन्मलेली गोष्ट आहे, आता क्वालकॉमच्या मालकीची. नुसतं नाव वाचूनसुद्धा समाधान मिळतं.

कोडेक म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजवायला नको. फोन गाणं आवळून पाठवतो, हेडफोन ते सोडवून कानात घालतो. आवळायची आणि सोडवायची रीत दोघांना एकच यावी लागते. नाही आली तर दोघं गुपचूप एसबीसीवर उतरतात, कारण ब्लूटूथवरून गाणं ऐकवणाऱ्या प्रत्येक यंत्राला ती यावीच लागते. रविवार पेठेत गोकाकचा कानडी शेतकरी आणि चंदगडचं मराठी गिऱ्हाईक मोडक्या हिंदीत भाव ठरवतात ना, तसं. व्यवहार होतो. पण त्या हिंदीत कुणी मनापासून भांडत नाही आणि कुणी ओवीही म्हणत नाही. आणि गंमत म्हणजे आपण हिंदीवर उतरलोय हे फोन तुम्हाला सांगत नाही. तुम्ही आपले हाय-रेझ ऐकतोय म्हणून डोळे मिटून मान डोलवत बसायचं.

मीही डोलवली. पहिल्या रात्री कुमार गंधर्व लावले. त्यांचा जन्म सुळेभावीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. नव्या वस्तूची सुरुवात घरच्या माणसानं करावी. आवाज आला, पण तानपुऱ्याची जवारी कुठं दिसेना. दोन दिवस मी माझ्या कानांना दोष दिला, पन्नाशी उलटली म्हणून. तिसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, सेटिंगमध्ये जा, बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा." सात वेळा मारली. फोन म्हणाला, तुम्ही आता डेव्हलपर झालात. तीस वर्षं हिशेबाच्या वह्या लिहिणारा माणूस सात टिचक्यांत डेव्हलपर! मग उघडलेल्या डेव्हलपरच्या यादीत ब्लूटूथ कोडेक शोधलं, तर तिथं एसबीसी. एलडॅकवर बोट ठेवलं की क्षणभर टिकायचं आणि पुन्हा एसबीसी. ठेवलं, पुन्हा एसबीसी. मग कंपनीचं ॲप उतरवा. त्याला ईमेल पाहिजे, ठिकाण पाहिजे, खातं पाहिजे. नुसता आधार क्रमांक तेवढा मागितला नाही. आत चार पानं खाली एक बटण, आधीपासून बंद करून ठेवलेलं. ते चालू केलं तर ॲप म्हणतं, दोन उपकरणांची जोडणी बंद होईल. म्हणजे डब्यावर ज्या दोन गोष्टी मांडीला मांडी लावून बसवल्या होत्या, त्या एकत्र नांदतच नाहीत! लॅपटॉप जोडा नाहीतर एलडॅक ऐका. हे डब्यात कुठं लिहिलंय म्हणून पुस्तिका काढली. मुंगीएवढ्या अक्षरांत, मागून तिसऱ्या पानावर होतं. पुस्तिकेत भाषा सतरा, त्यात मराठी नाही आणि कन्नडही नाही. सीमावादाचा असा निकाल मी पहिल्यांदाच पाहिला.

मीटिंगला याच हेडफोनचा माइक वापरा. माइक चालू झाला की गाण्याची वाट बंद होऊन कॉलची वाट उघडते, आणि साहेब हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखे ऐकू येतात.

एलडॅक एकदाचं चालू झालं की लगेच बाजारात जा. एलडॅकचा कमाल वेग सेकंदाला ९९० किलोबिट. आता सीडीचं गाणं होतं १४११, म्हणजे हाय-रेझमध्येसुद्धा काहीतरी गाळावंच लागतं, ते सोडा. गर्दीत सिग्नल अडखळला की हे ९९० चं ६६० होतं, मग ३३०. आणि ज्या गरीब एसबीसीला नाकं मुरडली ती चांगल्या सेटिंगला ३२८ ने चालते! गणपत गल्लीतून संध्याकाळी चालताना तुमच्या कानात दोन किलोबिटांची श्रीमंती असते. ८,५०० रुपयांची.

बरं, मी ऐकत होतो ते गाणं मुळात फुकटच्या व्हिडिओवरचं, आधीच पिळून काढलेलं. ही चूक माझी. कबूल.

पण बाकीची माझी नाही. डबा घेऊन दुकानात गेलो तर उत्तर काय, "सील फोडल्यावर परत कसं घेणार? ऐकायला येतंय की नाही? मग झालं की!" अहो, झालं काय? तुम्ही पैसे एलडॅकचे घेतलेत, एसबीसीचे नाही. कुठल्या फोनवर काय चालतं याचा एक कागद काउंटरवर चिकटवायला किती खर्च येतो? पोराला दोन वाक्यं शिकवायला किती वेळ लागतो? आणि कंपनीवाले, तुम्हाला सोनेरी स्टिकर छापायला जागा सापडते, "ही दोन्ही एकत्र चालत नाहीत" ही ओळ छापायला सापडत नाही? ती मागून तिसऱ्या पानावर लपवायची असते हे कुणी शिकवलं तुम्हाला? गिऱ्हाईकाला समजत नाही म्हणून खपतंय, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

आणि "ऐकायला येतंय ना" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनो, नुसतं ऐकायलाच यायचं होतं तर तीनशेचा वायरवाला काय वाईट होता? पिन खुपसली की झालं, कुणाला कुठली भाषा येते विचारायला नको. पण आता नव्या फोनाला ते भोकही ठेवलेलं नाही.