उशीर

संस्कृतात वाळ्याला ‘उशीर’ म्हणतात. हे आधी कळलं असतं तर मी तो लावलाच नसता. कळलं दीड वर्षाने, म्हणजे उशिराच.

गेल्याच्या गेल्या एप्रिलातली गोष्ट. आमचं गाव धुळे-जळगावच्या मधलं. पारा 45 ला टेकला की आमचा कूलर गारवा सोडून देतो आणि नुसता आवाज करतो. वाळ्याच्या ताट्या बसवा, असं दुकानदार म्हणाला, आणि त्याने सांगितलेला भाव ऐकून मला तिथेच गार वाटलं. गवताची तर मुळं! गवत काय, आपणही लावू शकतो. ही बुद्धी सुचली तेव्हा मी भर दुपारी टोपीशिवाय उभा होतो, एवढं माझ्या बाजूने नमूद करून ठेवतो.

जूनमध्ये रोपवाटिकेतून बारा फुटवे घेतले आणि घरी फोन केला, "वाळे घेऊन येतोय." आईला वाटलं, नातवाला चांदीचे. मी पोचलो तर पोराचे पाय धुऊन त्याला पाटावर बसवलेलं. पिशवीतून चिखलाचे ठोंब निघाले तेव्हा ती काही बोलली नाही. पाय तेवढे पुसले.

वाळा मूळचा ओढ्याकाठचा, दलदलीतला गडी. आठवडेच्या आठवडे पुरात बुडाला तरी मरत नाही. एकदा मुळं खोल गेली की दुष्काळही काढतो, पण तोवर त्याला ओल लागते, आणि आमच्याकडे नळ येतो आठवड्यातून एकदा. म्हणून तो मोरीच्या पाण्यावर लावला. पांझरेकाठी फडाच्या शेतीत बंधाऱ्याचं पाणी पाळीपाळीने फिरवतात आणि ते फिरवणारा पाटकरी असतो. मीही घरातल्या पाच आंघोळींची पाळी लावून दिली. सगळ्यांनी एकदम उरकल्या तर पाणी नुसतं वाहून जातं. दोन सकाळी, एक दुपारी, दोन तिन्हीसांजेला, अशा केल्या तर ओल टिकते. दुपारची पाळी बायकोच्या वाट्याला आली, तेव्हापासून ती मला पाटकरी म्हणते. पाहुणा दारात आला की मी चहाच्या आधी विचारायचो, "आंघोळ राहिली असेल ना?"

पण खरा घाव घातला तो शेजारच्या जिभाऊंनी. त्यांची हयात कपाशीच्या काळ्या रानात गेली. त्या रानात कुंदा नावाचं गवत असतं. नांगराला ते दाद देत नाही, मुळी राहिली की पुन्हा फुटतं, आणि माणसं लावून हात-हात खोल खणून काढावं लागतं. जिभाऊंनी काठी टेकून माझी रांग निरखली.

"हाऊ ते कुंदा शे ना रे!"

"नही जिभाऊ, वाळा शे."

"आमी कुंदा खंदी खंदी मरी गवूत, आनि तू इकत आनी लावस?"

यावर पुरावा काय देणार? वाळ्याच्या पात्याला वासच नसतो. मी रोज सकाळी पातं चुरून हुंगायचो आणि रोज ते गवतच निघायचं. सुगंध सगळा मुळांत, आणि मुळं सरळ खाली पाताळाकडे निघालेली. वर उरतं ते डोक्याएवढं माजलेलं रान. कडा अशा खरबरीत की दोनदा बोट कापलं. एकदा कुणाची तरी शेळी येऊन सगळी कोवळी पाती खाऊन गेली. मी गल्लीभर ओरडलो. मग वाचलं, की गुडघ्याएवढं छाटत राहिलं तर फुटवे वाढतात. शेळीला ते आधीच माहीत होतं.

त्याच वाचनात कळलं, की 1980 च्या दशकात जागतिक बँकेने आपल्या देशात वाळ्याचा प्रचार केला तो अत्तरासाठी नव्हे, उतारावरची माती धरून ठेवण्यासाठी. मुळं तीन मीटरपर्यंत जातात आणि ताणाला साध्या पोलादाच्या सहाव्या हिश्श्याइतकी टिकतात. जे गवत डोंगर सोडत नाही, ते मी मोरीमागे लावून बसलो होतो, आणि एक दिवस त्याला ‘आता सोड’ म्हणणार होतो.

तो दिवस पुढच्या डिसेंबरात उजाडला. दोन भाचे भरीत आणि कळण्याच्या भाकरीच्या बोलीवर आले. वाळ्याला खरं तर रेताड माती हवी, म्हणजे मुळं मोकळी निघतात. आमची काळी, त्यात दीड वर्ष साबणाचं पाणी प्यालेली. कुदळ रुतायची आणि निघायचीच नाही. मग पहार आली. खड्डा कमरेइतका झाला तेव्हा रस्त्यावरून एकाने विचारलं, "पानी लागनं का बोअरले?" मुळं अजून खालीच चालली होती. तिथेच तोडली.

आणि वास आला. पहिल्या पावसाचा असतो तसा, पण थोडा जुना, देवघरातल्या कपाटासारखा. धाकटा भाचा पहार धरून खड्ड्यात तसाच उभा राहिला. भरीत गार होतंय, याची आठवण बायकोला दोनदा करून द्यावी लागली.

मुळांची काळी माती धुवायला चार बादल्या लागल्या, पिण्याच्या पाण्याच्या. हाती आल्या दोन जुड्या. कूलरची एक ताटी भरायला अशा वीस तरी लागतील. बाराचे शंभरावर झालेले फुटवे तेवढे हातात उरले. ते गल्लीत कुणी फुकट घेईना, म्हणून पुन्हा मोरीमागेच लावले.

या एप्रिलात एक जुडी माठात सोडली. जिभाऊ आले, पेलाभर प्याले, मिशी पुसली. दुसरा मागून घेतला.

"गोड शे पानी," ते म्हणाले. मग खिडकीतून मोरीमागच्या रांगेकडे बघत त्यांनी तिसऱ्यांदा पेला पुढे केला. "पन कुंदा तो कुंदाच."