घाणेरी छाटून जात नाही, मिठाने तर मुळीच नाही

पाऊस सुरू झाला की ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर घाणेरीबद्दल, म्हणजे टणटणी किंवा लँटाना या बाहेरून आलेल्या काटेरी झुडपाबद्दल, एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा: 'येऊर, पारसिक, खारघरच्या टेकड्यांवरची घाणेरी एका रविवारात साफ होते. कोयत्याने छाटा, वाळली की जाळा, खुंटावर मीठ आणि व्हिनेगर ओता, मग त्या जागी गुलमोहर, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया अशी भराभर वाढणारी झाडं लावा.' हेतू चांगला आहे. पण असं केलं तर पुढच्या पावसाळ्यात तिथे आधीपेक्षा दाट रान दिसेल.

'कोयत्याने छाटा.' घाणेरीचा जीव फांदीत नसतो. खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या गाठीत असतो. वरून कापलं की गाठीवरचे डोळे फुटतात आणि एका खोडाच्या जागी पाच-सहा धुमारे येतात. म्हणून घाव जमिनीखाली बसायला हवा. दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कॉर्बेटच्या जंगलात हीच पद्धत वापरली. आधी लांब दांड्याच्या कात्रीने पसारा छाटून बुंध्यापर्यंत वाट करायची. फांद्यांना आकडीसारखे काटे असतात, तेव्हा चामड्याचे हातमोजे हवेतच. आत हात घालण्याआधी काठीने ढोसून बघा, अशा गचपणात फुरसं असू शकतं. मग बुंध्याभोवतीची माती कुदळीने सारायची आणि मुख्य मूळ जमिनीच्या 3 ते 5 सेंटिमीटर खाली टिकावाच्या रुंद पात्याने तोडायचं. दोघं असतील तर एकाने पहारीने गड्डा तिरका धरावा, दुसऱ्याने घाव घालावा. सगळं मूळ खणायची गरज नाही. उलट जास्त उकरलं की मातीत दडलेलं बी वर येतं.

गड्डा निघाला की मुळं आभाळाकडे करून उलटा ठेवायचा. सरळ टाकलेला गड्डा जुलैच्या झडीत पुन्हा मूळ धरतो, ओल्या मातीला टेकलेली फांदीसुद्धा धरते. बहुतेक श्रमदान इथेच फुकट जातं. सकाळभर खपून काढलेला ढीग उतारावर ढकलून मंडळी चहाला जातात.

'वाळली की जाळा.' येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि राखीव वनात आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आगीत करवंद, कुडा, धायटीची कोवळी रोपं मरतात, घाणेरी मात्र बुडातून फुटते आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर तिचंच बी आधी रुजतं. उलटे वाळलेले गड्डे कातळावर रचून कुजू द्यावेत. फांद्यांवर काळी पिकलेली फळं असतील तर ती आधी गोणीत खुडून घ्यायची, नाहीतर बुलबुल आणि साळुंक्या तो माल गावभर वाटतात.

'मीठ आणि व्हिनेगर.' घरातल्या व्हिनेगरमध्ये जेमतेम 5 टक्के आम्ल असतं. त्याने पानं करपतात, बुडाला काही होत नाही. झुडूप मरेल इतकं मीठ ओतलं तर तिथे गवतही उगवत नाही, आणि उरलेलं मीठ पाऊस खालच्या नाल्यात नेऊन सोडतो.

'भराभर वाढणारी झाडं लावा.' गंमत म्हणजे यादीतली तिन्ही झाडं बाहेरची आहेत. गुलमोहर मादागास्करचा, बाकीची दोन मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. सुबाभूळ तर स्वतःच तण होऊन बसते. एक पावसाळा थांबून मातीतून काय वर येतं ते बघा, बऱ्याचदा गवत आणि करवंद आपणहून येतात. 'पण फुलपाखरांना घाणेरीचा मध लागतो' हा आक्षेप रास्त आहे, मध त्यांना मिळतोच. मात्र अळ्यांना झाड वेगळं लागतं. राज्य फुलपाखरू नीलवंताच्या अळीला लिंबाच्या कुळातली पानं लागतात, तेव्हा लावायचंच तर माकडलिंबू लावा. मधासाठी धायटी आहे.

'एका रविवारात.' इथे मेसेज सगळ्यात जास्त चुकतो. पहिली तोडणी जून-जुलैत, माती मऊ असताना. दीड-दोन महिन्यांनी दुसरी फेरी: राहिलेले धुमारे आणि नवी रोपं. मोकळ्या झालेल्या जागेत रानमोडीही (आणखी एक तण) शिरते. तिचं बी वाऱ्यावर उडतं, म्हणून हिवाळ्यात फुलायच्या आत ती मुळासकट उपटायला हवी. पुढच्या जुलैत पुन्हा, आणि असं किमान तीन वर्षं. पक्षी बसतात त्या झाडांखाली आधी बघा, तिथे रोपांची गर्दी असते. वीतभर असताना ती नुसत्या हाताने निघतात.

उतार असेल तर सगळा एकदम उघडा करू नये, माती वाहून जाते. आडवे तीन-चार मीटरचे पट्टे घ्यावेत, मधले पुढच्या वर्षी. एकूण जागा तेवढीच घ्यावी जिथे तीन वर्षं परत येणारी माणसं आहेत. दहा जणांना सोसायटीमागचा एक ओघळ पुरे. उद्यानाच्या हद्दीत झुडूप काढायलाही वनखात्याची परवानगी लागते, ती मे महिन्यातच मागून ठेवावी.